दोष मशीनचा नसतो : डेस्कटॉप प्रोग्राम बिघडल्यावरचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबलपुरात संगणकाचं शिक्षण घेणाऱ्यांची वाण नाही. 1947 साली सुरू झालेलं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे, 2005 पासून ट्रिपलआयटीडीएम आहे. शिकलेली बरीच मुलं पुण्या-बंगळूरला जातात आणि वेबसाइट, मोबाइल, क्लाउड यांत रमतात. शहराचा रोजचा व्यवहार मात्र आजही विंडोजवर चालणाऱ्या लहान लहान प्रोग्रामांवर उभा आहे. गोलबाजारातल्या दवाखान्याची नोंदवही, बड्या फुहाऱ्याजवळच्या दुकानाचं बिल, हायकोर्टात जाणाऱ्या वकिलाची पक्षकारांची यादी, हिवाळ्यात मटारच्या गाड्या तोलणारा धर्मकाटा, या सगळ्यांमागे कुणीतरी व्हीबी, फॉक्सप्रो, ॲक्सेस किंवा डॉटनेटमध्ये लिहिलेला प्रोग्राम असतो.

तो अडला की ठरलेले सल्ले मिळतात : रॅम वाढवा, फॉन्ट टाका, विंडोज नव्याने टाका, व्हायरस असेल. यातल्या प्रत्येक सल्ल्यात पैसा जातो, दिवस जातो आणि बहुतेक वेळा मूळ दोष जागच्या जागी राहतो. असे सात समज इथे घेतले आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्या नव्या मुलांनी ते तपासून पाहावेत, आणि प्रोग्राम वापरणाऱ्यांनीही.

गैरसमज 1 : प्रोग्राम हँग होतो, कारण मशीन कमजोर आहे.

वस्तुस्थिती : खिडकी गोठण्याचा रॅमशी संबंध क्वचितच असतो. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीमागे एक मुख्य थ्रेड असतो. माउसची क्लिक, कीबोर्डची कळ, खिडकी पुन्हा रंगवण्याचा हुकूम, हे सगळे निरोप तो एकामागून एक उचलतो. त्याच थ्रेडला आपण दुसऱ्या कामाला जुंपलं की निरोप पडून राहतात. पाच सेकंद कुणी निरोप उचलला नाही, की विंडोज त्या खिडकीला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं.

धर्मकाट्याचंच पाहा. काट्याकडून वजनाचा आकडा सीरियल पोर्टवरून येतो. बटण दाबल्यावर प्रोग्राम तो आकडा येईपर्यंत मुख्य थ्रेडवरच थांबून राहत असेल, तर केबल सैल झाली तरी अख्खा पडदा गोठणार. तिथे रॅम दुप्पट केली तरी काडीचा फरक पडणार नाही.

निदान सोपं आहे. खिडकी गोठलेली असताना टास्क मॅनेजर उघडा. प्रोग्रामचा सीपीयू वापर शून्याजवळ असेल, तर तो कशाची तरी वाट पाहतोय : पोर्ट, नेटवर्क किंवा डेटाबेसचं कुलूप. चार कोअरच्या मशीनवर तो 25 टक्क्यांच्या आसपास अडकून बसला असेल, तर एक कोअर पूर्ण राबतोय, म्हणजे एखादा लूप संपतच नाहीये. उपाय एकच : वेळखाऊ काम मागच्या थ्रेडवर न्यायचं आणि वाट पाहण्याला मुदत घालायची. मागच्या थ्रेडवरून पडद्यावरच्या डब्यांना थेट हात मात्र लावायचा नाही, ते काम ‘इन्व्होक’मार्फत मुख्य थ्रेडकडेच सोपवायचं. पुष्कळ जण लूपमध्ये ‘डूइव्हेंट्स’ घालून वेळ मारून नेतात. त्यामुळे आधीचं काम अर्धवट असतानाच वापरणारा बटण पुन्हा दाबू शकतो, आणि एका गाडीच्या दोन पावत्या निघतात.

गैरसमज 2 : नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, म्हणजे फॉन्ट नाही.

वस्तुस्थिती : देवनागरीत काम करणाऱ्या शहरात सर्वांत जास्त वेळ हा समज खातो, म्हणून तो नीट उलगडायला हवा. अक्षरं बिघडण्याचे प्रकार तीन आहेत. तिन्हींचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

‘जबलपूर’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो सहा चिन्हांचा आहे : ज, ब, ल, प, दीर्घ ऊकार आणि र. पडद्यावर रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्टमध्ये तो आकार नाही. ‘ॲडव्होकेट’मधला ॲ हा याचा नेहमीचा नमुना. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे विंडोज एक्सपीतल्या मंगल फॉन्टमध्ये ते नव्हतं. इथे फॉन्ट बदलणं हाच योग्य उपाय.

सहा प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मजकूर गेला. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं, म्हणजे ‘एएनएसआय’ कोडपेज कधी नव्हतंच. मजकूर जुन्या वाटेने गेला, की न ओळखलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रणाली प्रश्नचिन्ह ठेवते. व्हीबी 6 चे मूळ टेक्स्टबॉक्स याच जुन्या वाटेचे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम ‘एनव्हारकार’ असला, तरी क्वेरीत मजकुराच्या आधी ‘एन’ लावायला विसरलं की तेच होतं. डेटाबेसमध्ये एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं, की जगातला कुठलाही फॉन्ट त्यातून ‘ज’ परत आणू शकत नाही. मजकूर बॅकअपमधूनच काढावा लागतो आणि जिथे तो मोडला ती वाट दुरुस्त करावी लागते. क्वेरीत मजकूर चिकटवण्याऐवजी पॅरामीटर वापरले तर ही चूक सहसा होतच नाही.

तिसरा प्रकार : एका शब्दाच्या जागी 18 अनोळखी चिन्हं, आणि त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ सहा वेळा. हे दिसलं तर घाबरू नका. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि ही फाइल कुणीतरी पश्चिम युरोपीय कोडपेजने वाचली आहे. सहा त्रिक अठरा. बाइट जसेच्या तसे आहेत. फाइल यूटीएफ-8 म्हणून पुन्हा उघडा, मजकूर परत येतो.

गैरसमज 3 : कृतीदेवमधलं दिसायला हिंदी-मराठी आहे, म्हणजे डेटाही देवनागरीच आहे.

वस्तुस्थिती : मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं कृतीदेव चालला, महाराष्ट्रात श्रीलिपीचे जुने फॉन्ट चालले. तत्त्व एकच. फाइलमध्ये साठतात रोमन अक्षरांचे क्रमांक, त्यांवर देवनागरीचं चित्र काढतो तो फॉन्ट. कृतीदेवमध्ये टाइप केलेला ‘जबलपूर’ डेटाबेसमध्ये टी, सी, वाय, आय, डब्ल्यू, जे असा पडलेला असतो. त्याच नोंदीत हिंदीतला ऱ्हस्व उकाराचा ‘जबलपुर’ असेल, तर डब्ल्यूच्या जागी क्यू.

यातूनच पुढचे सगळे ‘बग’ निघतात. ‘ब’ म्हणजे सी आणि ‘ज’ म्हणजे टी, त्यामुळे अकारविल्हे यादीत ‘ब’ची नावं ‘ज’च्या आधी येतात. मोठी-लहान अक्षरं एकच मानणाऱ्या डेटाबेसमध्ये शोध घेतला की भलतीच नावं सापडतात, कारण कृतीदेवमध्ये लहान आणि मोठ्या लिपीतल्या एकाच रोमन अक्षराचे देवनागरी आकार वेगवेगळे असतात. प्रोग्रामरने सॉर्टिंगचा कोड कितीही तपासला तरी त्याला त्यात चूक सापडणार नाही. चूक साठवणुकीत आहे. उपाय म्हणजे सगळी जुनी नोंद एकदाच युनिकोडमध्ये बदलून घेणं आणि बदललेल्या नोंदी माणसाने डोळ्यांखालून घालणं. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा दोन्ही पद्धतींत वेगळी असते, आणि तिथेच परिवर्तक चुकतात.

‘युनिकोड घेतलं तर टायपिंग नव्याने शिकावं लागेल’ ही भीतीही निराधार आहे. कीबोर्डची मांडणी वेगळी, मजकुराची साठवण वेगळी. मध्य प्रदेश सरकारच्या सीपीसीटी परीक्षेत उमेदवार रेमिंग्टन गेल मांडणीवरच युनिकोड हिंदी टाइप करतात. बोटांची सवय तशीच ठेवून डेटा शुद्ध ठेवता येतो.

गैरसमज 4 : माझ्या मशीनवर चालतं, म्हणजे कोड बरोबर आहे.

वस्तुस्थिती : प्रोग्रामरचं मशीन हा सर्वांत फसवा पुरावा. त्यावर लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी आधीच असतात आणि अधिकारही पूर्ण असतात. ग्राहकाकडे ‘मायक्रोसॉफ्ट जेट ओलेडीबी 4.0 प्रोव्हायडर रजिस्टर नाही’ असा संदेश आला, की लोक विंडोज पुन्हा टाकायला घेतात. जेट 4.0 फक्त 32 बिटचा आहे. 64 बिट प्रोग्रामला तो दिसत नाही, विंडोज कितीही वेळा टाकलं तरी. प्रोग्राम 32 बिटसाठी बिल्ड करा किंवा योग्य बिटचं नवं ‘एस’ (ॲक्सेसचं डेटाबेस) इंजिन टाका.

दुसरी नेहमीची तक्रार : ‘दुसऱ्याने लॉगिन केलं की कालचा डेटा गायब.’ डेटा गायब झालेला नसतो. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायची मनाई आहे. जुन्या 32 बिट प्रोग्रामने तिथे लिहायचा प्रयत्न केला, तर विंडोज ती फाइल गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं. प्रत्येकाची प्रत वेगळी होते. सगळ्यांनी वापरायचा डेटा ‘प्रोग्रामडेटा’मध्ये योग्य परवानग्या देऊन किंवा सर्व्हरवर ठेवा, प्रश्न मिटतो.

गैरसमज 5 : हिशोबात कॉम्प्युटर चुकत नाही.

वस्तुस्थिती : कॉम्प्युटर सांगितलेलं करतो, आणि आपण भलतंच सांगून बसतो. ‘डबल’ प्रकारात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज काटेकोर 0.3 होत नाही, कारण हे दशांश द्विमान पद्धतीत नेमके मांडताच येत नाहीत. पैशांसाठी डॉटनेटमध्ये ‘डेसिमल’ वापरा, नाहीतर सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवा.

पूर्णांक करण्यात आणखी एक खाच आहे. व्हीबीचं ‘राउंड’ आणि डॉटनेटचं ‘मॅथ डॉट राउंड’ नेमका अर्धा आला की सम संख्येकडे झुकतात. 123.50 चे 124 होतात, पण 122.50 चे 122 च राहतात. जीएसटी कायद्याचं कलम 170 मात्र स्पष्ट आहे : 50 पैसे किंवा जास्त असतील तर कराची रक्कम पुढच्या रुपयावर न्यायची. राउंडिंगची पद्धत कोडमध्ये स्वतः नमूद केली नाही, तर प्रोग्राम कायद्याशी विसंगत आकडा देईल आणि दोष बिचाऱ्या मुनीमजींवर येईल.

गैरसमज 6 : बग कधी कधीच येतो, म्हणून पकडता येत नाही.

वस्तुस्थिती : ‘कधी कधी’ला नेहमी नियम असतो, तो आपण लिहून ठेवलेला नसतो. ॲक्सेसचं उदाहरण बोलकं आहे. क्वेरीत तारीख मजकूर म्हणून चिकटवली, तर ॲक्सेस ती अमेरिकन पद्धतीने, आधी महिना असं वाचतो. 05/06/2025 म्हणजे आपल्यासाठी 5 जून, त्याच्यासाठी 6 मे. पण 13/06/2025 मध्ये तेरावा महिना नसल्याने तो मुकाट्याने 13 जून धरतो. म्हणून महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत अहवाल चुकतो आणि तेराव्या दिवसापासून आपोआप सुधारतो. तक्रारींच्या तारखा कागदावर उतरवल्या की दोष पाच मिनिटांत कळतो. तारीख पॅरामीटर म्हणून दिली की तो संपतो.

‘सकाळी ठीक, संध्याकाळी पडदा काळा-पांढरा, रीस्टार्ट केला की पुन्हा ठीक’ यालाही नियम आहे. विंडोज एका प्रोग्रामला साधारणपणे 10,000 जीडीआय ऑब्जेक्ट देतं : ब्रश, फॉन्ट, चित्रं वगैरे. प्रत्येक बिलाला नवा फॉन्ट तयार केला आणि सोडला नाही, तर दिवसभरात हा कोटा संपतो. डॉटनेटचा गार्बेज कलेक्टर हे वेळेवर सांभाळेलच, अशी खात्री नाही. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये जीडीआय ऑब्जेक्टचा कॉलम लावा आणि आकडा चढतोय का ते तासातासाला पाहा.

गैरसमज 7 : एरर दिसेनासा झाला, की काम झालं.

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ किंवा रिकामा ‘कॅच’ लिहून संदेश गप्प करता येतो. बिल साठवताना चूक झाली, प्रोग्राम पुढे गेला, पावती छापली, ग्राहक घरी गेला आणि नोंद मात्र झालीच नाही. दोष मार्च अखेरीस हिशोब जुळवताना कळतो, तेव्हा पुरावा उरलेला नसतो. एरर पकडायचा तो नोंदवण्यासाठी : तारीख, वेळ, वापरकर्ता, पूर्ण संदेश आणि स्टॅक ट्रेस एका लॉग फाइलमध्ये लिहा, आणि काम झालं नाही हे वापरणाऱ्याला साध्या भाषेत सांगा.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : दोष पुन्हा घडवून दाखवता येईपर्यंत कोडला हात लावू नका, आणि एका वेळी एकच बदल करा. प्रोग्राम वापरणाऱ्यांना विनंती आहे की ‘चालत नाही’ एवढं सांगून फोन ठेवू नका. संदेशाचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, त्याआधी कोणतं बटण दाबलं ते सांगा, आणि मशीन कुणाच्या लॉगिनवर होतं तेही कळवा. नवी रॅम विकत घेण्याआधी ही चार माहितीची टिपणं द्या. बहुतेक दोष तेवढ्यानेच सापडतात.