‘कशावरून?’ : विज्ञानसाक्षरता आणि भाषेचा प्रश्न

शालेय विद्यार्थ्यांमधील विज्ञानसाक्षरतेचा विचार बहुधा शिक्षणशास्त्राच्या अंगाने केला जातो. हा प्रश्न तितकाच भाषेचाही आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. २००६ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने विज्ञानसाक्षरतेची तीन अंगे मानली : वैज्ञानिक प्रश्न ओळखणे, घटितांचे स्पष्टीकरण करणे आणि पुराव्याचा उपयोग करणे. ही तिन्ही कार्ये भाषेच्या आश्रयाने घडतात. संज्ञांच्या पाठांतराने ती साधत नाहीत.

कोलकात्याच्या बालीगंज भागातील बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय २ मे १९५९ रोजी खुले झाले. तेथे कोळशाच्या खाणीची प्रतिकृती उभारण्यात आली. १९६५ पासून फिरत्या प्रदर्शनाद्वारे विज्ञान शाळांच्या दारी नेण्यात आले. परंतु वस्तू स्वतः बोलत नाही. खाणीच्या छताला आधार का लागतो, हे पाहणाऱ्या मुलाला स्वभाषेत विचारता व सांगता आले, तरच दर्शनाचे ज्ञानात रूपांतर होते.

या भाषेची घडण बंगालीत आणि मराठीत वेगवेगळ्या वाटांनी झाली. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ लिहून तो सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केला. बोस यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन झाली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक निघू लागले. येथे कवी विज्ञानाकडे वळला. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. येथे वैज्ञानिक कथेकडे वळला. हा भेद सरसकट नियम नव्हे. तथापि तो सूचक आहे. निबंध वाचकाला कारणपरंपरा दाखवितो. कथा ‘असे घडले तर?’ हा प्रश्न जागवते. मात्र कथेतील निष्पत्ती लेखकाच्या स्वाधीन असते, प्रयोगातील नसते. म्हणून कथेने जागविलेले कुतूहल पडताळणीपर्यंत नेण्याचे दायित्व शाळेकडेच राहते.

त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : ‘कशावरून?’ त्यात कारणाची नव्हे, आधाराची मागणी आहे. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे विधान पाठ असलेला विद्यार्थी माहितगार ठरेल, ‘हे कशावरून?’ असे शिक्षकांना विचारू शकणारा विद्यार्थीच साक्षर होय. हा प्रश्न जिथे उद्धटपणा मानला जातो, तिथे पाठ्यपुस्तक कितीही अद्ययावत असले तरी विज्ञान हा केवळ आणखी एक पाठांतराचा विषय ठरतो.