धावणाऱ्याला थांबवताना

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता सेलूत बसून कुत्र्याच्या गुडघ्यावर बोलताय? पण दुखणं एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आम्हांला तो पुस्तकापेक्षा घरात जास्त कळला.

आमचा मोती सहा वर्षांचा, अठ्ठावीस किलोचा. एका सकाळी खारीमागे धावताना गर्रकन वळला आणि मागचा उजवा पाय उचलूनच परत आला. आम्ही काटा शोधला. काटा नव्हता. दोन दिवसांनी पाय टेकू लागला, पण नुसती बोटं. बसताना तो पाय बाजूला पसरायचा. ही लक्षणं ध्यानात ठेवा आणि वेळ न घालवता पशुवैद्यांकडे जा. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे पहिली तपासणी आपल्याच जिल्ह्यात होऊ शकते.

आत होतं काय? गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारे दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदतात. त्यातला पुढचा, नडगीला पुढे सरकू देत नाही. तो तुटला की दर पावलाला नडगी घसरते, सांधा सुजतो, मधली गादीही फाटू शकते. खेळाडूचा अस्थिबंध बहुधा एका झटक्यात तुटतो; कुत्र्याचा बहुतेक वेळा जुन्या दोरासारखा हळूहळू झिजत आलेला असतो. खार केवळ निमित्त. म्हणून दुसऱ्या गुडघ्यावरही लक्ष ठेवायचं.

पूर्ण तुटलेला अस्थिबंध आपोआप जुळत नाही. साधारण पंधरा किलोच्या आतल्या कुत्र्याचं विश्रांती, वजन आणि औषध यांवर पुष्कळदा निभावतं. मोठ्याला बहुधा शस्त्रक्रिया लागते. एका पद्धतीत सांध्याबाहेरून मजबूत धागा बांधतात. दुसरीत नडगीचा वरचा भाग कापून, फिरवून, त्याचा उतार कमी करतात आणि धातूची पट्टी बसवतात. मोतीची ही दुसरी झाली. यात हाड जुळायला दोनेक महिने लागतात. मोकळं धावणं साधारण तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी क्ष-किरण पाहून होकार दिल्यावर.

आता आमची चूक सांगतो. चौथ्या आठवड्यात मोती दाराशी बसून कण्हायचा. पाय दुखत नव्हता, त्याला बाहेर जायचं होतं. आम्हांला दया आली, दोर सोडला. दोन उड्या, आणि पुन्हा लंगडा! पट्टी हलली नव्हती, हे नशीब. पण पंधरा दिवस मागे गेलो. विचार केला तेव्हा उमगलं, की वेदना ही राखणदार होती. औषधानं तिला झोपवलं, तेव्हा राखण आपल्याकडे आली होती आणि आपणच डुलकी घेतली.

तेव्हा राखण कशी करायची, बघा. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. जिना, पलंग, उड्या बंद. सुरुवातीला दोर धरून पाचेक मिनिटं, शी-शूपुरतं. पुढं डॉक्टर सांगतील तसं वाढवा. चालणं कमी तर खाणंही कमी. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. घरातली आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात. आणि चपळ जनावराच्या डोक्याला काम द्या. भाकरीचे तुकडे जुन्या चादरीच्या घड्यांत लपवा. नाकानं शोधता शोधता मोती दमायचा आणि शांत झोपायचा.

नामदेवांची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत नरसी आपल्याच जिल्ह्यात होतं. आम्हांला वाटायचं, करुणा म्हणजे असं मागे धावणं. मोतीनं शिकवलं, की कधीकधी दोर घट्ट धरून, त्याच्या रागाकडे बघत, उभं राहणं हीही करुणाच असते. त्याला कारण समजावता येत नाही, म्हणून जबाबदारी दुप्पट.

मोती आता धावतो. खार अजून सापडलेली नाही. बरं, विचारा आता काय विचारायचं ते.