कळते, पण वळत नाही



वारी झाली, चंद्रभागेत स्नान झालं, कळसाचं दर्शन झालं, आपण घरी आलो. गळ्यात माळ आहे. आणि मग शेतात नांगर धुऱ्याजवळ येतो. मन हळूच म्हणतं, एक तास पलीकडून घेतला तर कोणाला कळतं? निंदणाच्या बायांचे पैसे खिशात असतात, तरी तोंडातून निघतं, "उद्या पाहू." हे चूक आहे, हे तुम्हाला माहीत नसतं का? चांगलं माहीत असतं. कळतं, पण वळत नाही. आजचं निरूपण एवढ्याच गोष्टीचं आहे.

अर्जुनाने भगवंताला हेच विचारलं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 36 वा श्लोक पाहा. माणसाची इच्छा नसताना त्याला जबरदस्तीने पापाकडे कोण ओढतं, असा त्याचा प्रश्न आहे. भगवंतांनी बाहेरच्या कोणाचं नाव घेतलं नाही. काम आणि क्रोध, हे आतलेच वैरी आहेत, असं सांगितलं. धुराने अग्नी झाकावा, धुळीने आरसा झाकावा, तसं यांनी ज्ञान झाकलं जातं. ज्ञान गेलेलं नसतं, बरं का. नुसतं झाकलेलं असतं.

आता हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मात कसा आला ते ऐका. तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात ख्रिस्ती धर्म कुठला? तर तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या संताच्या बोटाला धरून आला. पवनारला धाम नदीच्या काठी राहिलेल्या विनोबांनी जशी 'गीताई' दिली, तसं बायबलच्या नव्या करारातली वचनं निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' हेही पुस्तक केलं. विनोबांना जे परकं वाटलं नाही, ते आपल्याला का वाटावं?

येशूंच्या शिकवणीचा मोठा प्रचारक म्हणजे पौल. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा, मग त्याच नामासाठी तुरुंगात जाणारा. त्याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्याच्या सातव्या अध्यायात मनाची हीच ओढाताण सांगितली आहे. जे भलं करायची इच्छा आहे ते हातून होत नाही, आणि जे नको तेच होऊन बसतं. म्हणून ख्रिस्ती लोक पाप म्हणजे नुसतं एखादं वाईट कृत्य मानत नाहीत. मनाचा कलच तिकडे आहे, आणि एकट्याच्या बळावर तो सुटत नाही, प्रभूची कृपा लागते, असं ते मानतात. आपणही पांडुरंगाला दुसरं काय मागतो?

पण कृपा झाली म्हणून झगडा संपतो का? रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे पाहा. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ख्रिस्तभक्तीची कीर्तनं केली, म्हणजे आमच्याच घराण्यातले म्हणायचे! एवढा भक्त, एवढा दयाळू कवी, पण स्वभाव तापट. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांचा राग मोकळेपणाने लिहिला आणि त्यांचं मोठेपणही लिहिलं. बाप्तिस्म्याने राग एका दिवसात जात नाही, तसा माळ घातल्यानेही जात नाही. रोज उठून त्याच्याशी झुंजावं लागतं.

मग झुंजायचं कसं? त्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातलं जक्कयाचं आख्यान ऐका.

यरीहो गावात जक्कय नावाचा जकातदारांचा मुख्य होता. पैसा अमाप, उंची कमी. येशू गावात आले, गर्दी झाली, याला काही दिसेना. हा चढला उंबराच्या झाडावर! येशूंनी वर पाहिलं, नावाने हाक मारली आणि म्हणाले, खाली ये, आज तुझ्याच घरी उतरायचं आहे. लोक कुरकुरले, पाप्याच्या घरी हे कसे जातात? तेव्हा जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो.

क्रम ध्यानात घ्या. आधी देव घरी आला, मग थैली सुटली. पण सुटली! डोळ्यांतून पाणी काढून थैली तशीच ठेवली असती, तर आज त्याचं आख्यान कोणी सांगितलं असतं?

येशूंनी दुसऱ्या ठिकाणीही हेच शिकवलं. वेदीवर दान ठेवताना भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. चंद्रभागेच्या स्नानाने सरकवलेला धुरा आपोआप मागे येत नाही, मंडळी. तो आपल्यालाच मागे घ्यावा लागतो.

म्हणून रोज दिवाबत्तीच्या वेळी दिवसभरातली एक चूक नाव घेऊन देवापुढे सांगा. तुकोबारायांनीही आपल्या मनाचे दोष विठ्ठलापासून लपवले नाहीत. सांगून झाल्यावर ज्याचं त्याला परत करा. पैसा असेल तर पैसा, शब्द असेल तर दोन गोड शब्द. उद्या पुन्हा पाय घसरला तर "मी पापीच" म्हणून बसून राहू नका. पडलेलं लेकरू रडत का होईना, आईकडेच चालतं.

आणि त्या बायांचे पैसे आज संध्याकाळीच देऊन या. रामकृष्णहरी!