लाल मण्याचे संशोधन

संशोधन म्हणजे महागडी उपकरणे, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांतून दृढ झाली आहे. सक्करदऱ्यात बसून कसले संशोधन होणार, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना येथून जवळच असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची आठवण करून देतो. तेथे शिकलेल्या अभय व राणी बंग या दांपत्याने १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत कार्य आरंभिले.

बालमृत्यूचे एक मोठे कारण न्यूमोनिया. दोन महिन्यांखालील अर्भकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा चालला, की धोका ओळखावा. पण ज्या दाईला ६० पर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? उत्तर निघाले ते एक मिनिटाची वाळूची घटिका व तारेत ओवलेले मणी यांतून. दर १० श्वासांना एक मणी सरकवावयाचा; वाळू सरण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजावा. निदान वैद्यकाचे, कालमापन भौतिकीचे, मांडणी शिक्षणशास्त्राची!

पुढे त्यांनी ३९ गावांत नवजात बालकांची सेवा घरोघरी पोहोचविली. तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

अल्प साधनांचा सर्वोत्तम विनियोग हाच आमच्या अर्थशास्त्राचा पाया. तो मला त्या लाल मण्यात दिसतो. विभागांच्या भिंती विद्यापीठाच्या सोयीसाठी असतात. आजार त्या मानीत नाही. विषय निवडण्यापूर्वी प्रश्न निवडावयास आपण विद्यार्थ्यांना केव्हा शिकविणार?