पाटीचं लाकूड : दोनशे वर्षांचा मागोवा

१८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. मलबारी सागवानाची ही नौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. ऊन, पाऊस आणि खारा वारा सोसण्याची याहून कठोर परीक्षा कुठल्या लाकडानं दिली असेल? आपल्याकडे दारावरची, दुकानावरची पाटी करायची म्हटलं की सागाचं नाव आधी निघतं, ते या गुणामुळेच.

सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवी आणि बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. पण पाटीच्या दृष्टीनं त्याचा दुसरा गुण मोलाचा आहे. ओल लागली किंवा सुकली तरी साग फारसा फुगत-आकसत नाही. फळी हलली की रंगाला तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरतं आणि अक्षरं पापुद्र्यांनी सुटू लागतात. म्हणून जाणता सुतार गाभ्याची फळी निवडतो आणि सालीलगतचं पांढरं लाकूड तासून टाकतो. ते सागाचंच असलं तरी पावसात टिकत नाही. फणसाचा गाभाही बऱ्यापैकी तग धरतो. ऐन मजबूत खरा, पण सुकताना चिरा देतो. आंब्याची फळी स्वस्त आणि रंध्याखाली मऊ असते, मात्र उघड्यावर लवकर कुजते.

हलक्या लाकडाचं आयुष्य वाढवण्याचा मोठा शोध १९३०च्या दशकात आपल्याच देशात लागला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. ते लाकडात मुरवलं की कीड आणि कुज दोन्ही दूर राहतात. जगभर विजेचे आणि कुंपणाचे खांब त्यानं टिकवले. पुढे आर्सेनिकचा धोका ओळखून अमेरिकेत २००३च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते थांबवण्यात आलं. आता आर्सेनिक नसलेली, तांब्याची द्रव्यं मिळतात. मुलांचा हात लागेल अशा शाळेच्या किंवा बागेच्या पाटीसाठी तीच घ्यावीत.

१९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलांवरची बंधनं कडक झाली, साग महागला आणि पाट्यांसाठी प्लायवूडची सोय जवळची वाटू लागली. तिथे निवड चुकण्याची शक्यता वाढली. आयएस ७१० हे मरीन प्लायचं मानक आहे. ते सोडून साधा कमर्शियल प्लाय बाहेर लावला की दोन-चार पावसाळ्यांत थर सुटतात. मरीन प्लायच्याही कडा उघड्या ठेवून चालत नाही, पाणी तिथूनच शिरतं.

नव्या शतकात फ्लेक्स आला आणि निवडीचा प्रश्नच मिटल्यासारखा झाला. रात्रीत छापायचा, सकाळी ताणून बांधायचा. त्यात अनेक पेंटरांचं काम गेलं आणि न कुजणाऱ्या पीव्हीसीचा ढीग वाढला. २०१४मध्ये म्यानमारनं सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. बाजारात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग वाढला. कोवळ्या झाडात गाभा कमी, पांढरं लाकूड जास्त. त्यामुळे नुसतं ‘साग’ सांगून आता भागत नाही, फळी डोळ्यांनी पाहून घ्यावी लागते.

२०२२च्या कायदादुरुस्तीनं दुकानांवर ठळक मराठी पाट्या सक्तीच्या केल्या. २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी अक्षरं रस्त्यावर आली याचा मला मनापासून आनंद आहे. ती टिकाऊ फळीवर आली असती तर तो दुणावला असता.

या दोन शतकांतून मला एवढं उमगतं की झाडाच्या नावापेक्षा फळीची निवड आणि बांधणी मोठी. गाभा घ्यावा, तो पुरता सुकलेला असावा. फळीची कापलेली टोकं सपाट बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितात, तेव्हा त्यांना रंगाचे जादा हात द्यावेत. वरची कड उतरती करावी, स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे लावावेत आणि भिंत व पाटी यांच्यात हवा खेळेल एवढी फट सोडावी. अशी पाटी जुनी झाली तरी टाकावी लागत नाही. धंदा बदलला, मालक बदलला तरी तिच्यावर रंधा फिरवून नवं नाव लिहिता येतं. पुढची पाटी सांगताना दराबरोबर हा हिशेबही मांडायला हवा.