घोडनदीचा गोरा ‘सत्पुरुष’

मैत्रिणींनो, माझं माहेर शिरूर आणि सासर दौंड. दौंडमध्ये इंग्रजांची आठवण म्हणजे रेल्वे. शिरूरमध्ये, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीत, ती आहे एक दगडी कबर. कर्नल विल्यम वॉलेस या साहेबाची.

१८०२ च्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी इंग्रजांची तैनाती फौज आली. पुढे तिची छावणी शिरूरला पडली आणि वॉलेस तिचा सेनापती झाला. त्याआधी १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या हाताखाली लढला होता. समोर कोण? शिंदे-भोसल्यांचं, म्हणजे आपलंच सैन्य! १८०९ मध्ये तो शिरूरलाच वारला.

खरी गंमत पुढे आहे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लिहिलंय, की इथले लोक या साहेबाला ‘सत्पुरुष’ म्हणतात. ब्राह्मण आणि मारवाडी सोडले, तर शिरूर नि आसपासच्या गावांतले बाकी सगळे हिंदू या कबरीला भजतात. सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून आणतात. माणूस जाऊन पाऊणशे वर्षं झाली होती, बरं का! गॅझेटियर बायकांचं नाव घेत नाही. पण नैवेद्याचं धान्य निवडणं-पाखडणं घरोघरी कोणाकडे असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझी कॉलेजात जाणारी लेक हे ऐकून चिडली. “आई, आपल्या माणसांवर तोफा डागणाऱ्याला नैवेद्य?” तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “अगं, रानात पीक आलं की पहिला घास कुणाला तरी द्यावाच लागतो. त्यानं यांचं काही तरी भलं केलं असंल.” मला दोघींचंही पटतं. असईत लढणारा आणि शिरूरकरांचा सत्पुरुष, माणूस एकच.

कबरीवरचा मजकूर इंग्रजीत आहे. त्यात त्याचं शौर्य आणि सचोटी कोरलीय. नैवेद्याचा त्यात उल्लेख असणार कसा? तो सुरू झाला नंतर, आणि तो कुणी दगडावर कोरला नाही. शिरूर भागातल्या बचत गटांच्या बायकांना मी एकच काम सांगितलंय. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी असतील, तर त्यांना विचारा, तुमच्या सासूबाई सुगीला तिकडे काय न्यायच्या? ज्वारी, बाजरी की आणखी काही? काय सांगतील ते वहीत लिहून ठेवा, नाव-गावासकट.