कोंडाण्याचीं लेणीं

कोंडाण्याचें नांव काढतांच वाचकांस सिंहगड आठवेल. परंतु आम्ही सांगत आहों तें कोंडाणें कर्जतजवळ, राजमाचीच्या उतारावरील रानांत आहे. पावसाळ्यांत धबधब्यासाठीं तेथें पुष्कळ मंडळी जातात. लेण्यांसाठीं जाणारीं थोडीं. पनवेलच्या आमच्या घरांतील सर्वजण कार्ल्यास एकवीरेच्या निमित्तानें जाऊन आले होते; कोंडाण्यास कोणीच गेलें नव्हतें. म्हणून गेल्या माघ महिन्यांत मातुःश्रींसह आम्ही नऊजण चौकमार्गें कर्जतला व तेथून पायथ्याच्या गांवीं गेलों. गांवचा एक वाटाड्या बरोबर घेतला, आणि मातुःश्रींच्या काठीच्या बेतानें चढूं लागलों.

झाडी संपतांच कड्याखालीं चैत्यगृहाची कमान एकदम दिसते. हें लेणें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचें. त्याची लांबी सुमारें ६६ फूट, कार्ल्याची १२४. आंत टोकाशीं खडकांतच कोरलेला स्तूप आहे. सभोंवारच्या बहुतेक खांबांचे खालचे भाग ओलीनें नाहींसे झाले असून वरचे तेवढे छताला लोंबत राहिले आहेत. शेजारच्या विहारांत भिक्षूंच्या १८ खोल्या असून छतास लाकडी घराप्रमाणें तुळया कोरल्या आहेत. एकोणिसाव्या शतकांत हीं लेणीं प्रथम विद्वानांच्या नजरेस आणलीं तीं विष्णुशास्त्री नांवाच्या पंडितानें.

स्तूपाचें छायाचित्र घेण्याचा आम्हीं पुष्कळ यत्न केला. पण काळोखामुळें तें साधेना. बाहेर आलों तों दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस एका भव्य भग्न मूर्तीचें मस्तक दिसलें. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपींत एकच ओळ कोरलेली आहे. ‘कृष्णाचा अंतेवासी बलक यानें केलें’ असा तिचा अर्थ. उपनिषदांत शिष्याला अंतेवासी म्हटलें आहे, तोच हा शब्द.

इतक्यांत आमचा बारा वर्षांचा पुतण्या टोंकदार दगड घेऊन भिंतीशीं उभा असलेला दिसला. तेथें आधींच कितीएकांनीं नांवें खरडलीं होतीं. आम्हीं त्यास दरडावलें, तेव्हां तो म्हणाला, “काका, बलकानं लिहिलेलं तुम्ही कौतुकानं वाचता, मग मीच का नको?”

कायद्यानें हा गुन्हा आहे, एवढेंच आम्हांस सुचलें. पण मातुःश्री म्हणाल्या, “अरे, त्यानं आधी घडवलं, मग नाव घातलं, आणि तेही गुरूच्या मागून. तू इथं काय केलंस?”

मुलगा कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें दगड टाकला आणि आमच्या हातचा कॅमेरा मागून घेतला. उन्हाचा तिरपा कवडसा येईपर्यंत थांबून त्यानें त्या ओळीचें छायाचित्र घेतलें. तें आतां आमच्या माजघरांत लावलें आहे. खालीं घेणाऱ्याचें नांव घालण्यास मातुःश्रींनीं परवानगी दिली आहे.

दिवाळीपासून होळीपर्यंत वाट कोरडी असते. वाचकांनीं मुलांना घेऊन अवश्य जावें; बरोबर विजेरी व पाणी असावें, आणि ती एक ओळ त्यांना जरूर दाखवावी.